कच्चे तोडावे लागणारे फळ



फळबागांवर व्याख्यान ठेवावयाचे तर कृषी महाविद्यालयातील एखाद्या अध्यापकांस बोलवावे, ही साधी रीत आहे. ती सोडून चालकांनी हमालांच्या संघटनेत काम करणाऱ्या माणसास येथे उभे केले. त्यांच्या मनात काय होते ते तेच जाणोत. आम्ही आयुष्यात पेअरचे एकही झाड लावलेले नाही. सात इयत्ता शिकलो, पुढचे शिक्षण रात्रशाळेत आणि फुकट वाचनालयात झाले. मात्र पेअरच्या पेट्या किती उतरवल्या असतील त्याचा हिशेब नाही. दक्षिण आफ्रिकेची पेटी साडेबारा किलोची, अमेरिकेची वीस किलोच्या आसपासची. हे फळ आम्हांला प्रथम पाठीला कळले, डोक्याला पुष्कळ उशिरा कळले.

बाजारात याला कोणी नासपती म्हणतो, कोणी नाख, कोणी बबुगोशा. मराठीत धड एक नाव ठरलेले नाही, म्हणून आम्ही आज पेअर हाच शब्द वापरणार आहोत.

डोक्याला कळण्याचे कारण एक भांडण झाले. २०१४ सालच्या एप्रिल महिन्यात मुंबईजवळच्या एका फळबाजारात दक्षिण आफ्रिकेहून आलेला पॅकहॅम जातीच्या पेअरचा एक कंटेनर आमच्या टोळीने उतरवला. माल शीतगृहात गेला. आठ-दहा दिवसांनी तो बाहेर निघाला तेव्हा वरून हिरवा, टवटवीत, देखणा होता. कापला की आतून तपकिरी. व्यापाऱ्याने गाळ्यावर टोळीला उभे केले आणि सांगितले की तुम्ही पेट्या आपटल्यात, नुकसानीची भरपाई तुमच्या मजुरीतून कापून घेणार. टोळीत चौदा माणसे होती. सांगितलेली रक्कम त्यांच्या दीड महिन्याच्या कमाईइतकी होत होती. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी आणि हमाल कामगारांचा कायदा झाला आणि मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, हे खरे. पण आरोप खोटा आहे हे दाखविण्याची अक्कल कोणताही कायदा देत नाही. ती आपणच मिळवावी लागते. आमच्या टोळीचा मुकादम म्हणाला, "दादा, पेट्या आपटल्या नाहीत हे मी पोराच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो. पण फळ आतून कशाने सडले ते सांगता आले तर शपथेची गरज काय?"

तेव्हापासून आम्ही वाचू लागलो. कृषी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एका सज्जन ग्रंथपालाने बसू दिले. पुस्तके इंग्रजी, बहुतेक अमेरिकन; बाजूला शब्दकोश. पंधरा दिवसांत जे सापडले त्याने आमचे भांडण तर मिटलेच, पण भांडण मिटल्यावरही वाचन सुटले नाही. त्या वाचनाची हकिगत आज सांगावयाची आहे.

पेअर हे फळ झाडावर पिकू द्यावयाचे नसते. येथूनच सारी अडचण सुरू होते. जपान-चीनकडच्या गोल, कुरकुरीत जाती झाडावर पिकतात. पण युरोपातल्या जातीचे, गळ्याशी निमुळते असलेले फळ झाडावर पिकू दिले तर गराची माती होते. ते आतून बाहेर पिकते. गाभा आधी मऊ होतो, साल शेवटी. बाहेरून हात लावून फळ तयार वाटेपर्यंत आत गाभा कुजू लागलेला असतो, आणि गरात खडेपेशी वाढून तो दाताखाली रेतीसारखा लागतो. म्हणून ते जून झाले की कच्चेच तोडतात आणि मग पिकवतात. आपल्या कोकणातल्या माणसास यात नवल वाटणार नाही. हापूसचा खांदा भरला की तो झेल्याने उतरवतात आणि अढीत घालतात, तोच हा प्रकार. फरक एवढाच की हापूसला गवताची ऊब लागते, पेअरला थंडी लागते.

थंडी म्हणजे थोडीथोडकी नव्हे. पेअर शीतगृहात शून्याच्याही खाली, वजा एक अंशाच्या आसपास ठेवतात. फळात साखर असल्यामुळे त्या तपमानाला ते गोठत नाही, पण आणखी थोडे खाली गेले तर गोठते. या अरुंद पट्टीवर यंत्र महिनोन्‌महिने चालवावयाचे असते. आणि ही थंडी केवळ टिकविण्यासाठी नाही. आंजू नावाची हिवाळी जात आहे. तिला सुमारे दोन महिने थंडी मिळाली नाही तर ती नीट पिकतच नाही, कारण फळ पिकविणारा इथिलीन वायू ती आपल्या अंगात तयारच करीत नाही. दक्षिण आफ्रिकेत फोरेल नावाची लाल ठिपक्यांची सुंदर जात आहे, तिला बारा आठवडे थंडीत ठेवल्याशिवाय बाजार दाखवू नये असा दंडक त्यांनी केला आहे. घाई करून आधी काढली तर तिचा गर पिठूळ होतो.

तोडण्याचा दिवस ठरविणे हीही परीक्षाच. लवकर तोडले तर फळ शीतगृहात सुरकुतते, त्याला चव येत नाही. उशिरा तोडले तर गाभा तपकिरी होतो. रंगावर भरवसा ठेवता येत नाही. बहुतेक जाती तोडतेवेळी हिरव्याच असतात. म्हणून १९२० नंतरच्या दशकात अमेरिकेत एक साधे उपकरण निघाले: स्प्रिंगला जोडलेली एक बोथट सळई. फळाची साल थोडी सोलून ती गरात दाबावयाची आणि किती पौंडांचा जोर लागला तो आकडा वाचावयाचा. विल्यम्स जातीचे फळ साधारण सतरा ते एकोणीस पौंडांच्या घरात आले की तोडणी सुरू होते, आणि चार पौंडांच्या खाली आले की खाण्यास योग्य होते. शंभर-दीडशे वर्षे बागवानाचा अंगठा जे सांगत होता ते या सळईने आकड्यात मांडले.

याच विल्यम्स जातीची एक गंमत सांगतो आणि पुढे जातो. ती इंग्लंडात आल्डरमास्टन गावी एका शाळामास्तराच्या बागेत १७७० च्या सुमारास उगवली. तिची झाडे अमेरिकेत गेली. तेथे बार्टलेट नावाच्या गृहस्थाने ज्या मळ्याची खरेदी केली त्यात ती उभी होती. जात कोणती हे त्यास ठाऊक नव्हते, म्हणून त्याने आपलेच नाव देऊन ती लोकांत पसरवली. खरे नाव उमगेपर्यंत फार उशीर झाला होता. आजही अमेरिकेत ती बार्टलेट आणि इतरत्र विल्यम्स. ज्याने झाड उगवले त्या मास्तराचे नाव मात्र दोन्हींकडे लागले नाही. असो.

आता भांडणाकडे. पुस्तकांतून आम्हांला दोन गोष्टी कळल्या. फळ आपटले तर डाग सालीखालून सुरू होतो आणि आत जातो. आपटलेल्या बाजूलाच असतो. फळ उशिरा तोडलेले असेल, फार दिवस साठवलेले असेल किंवा साठवणीच्या खोलीतल्या हवेत कर्बवायू वाढून प्राणवायू फार उतरला असेल, तर डाग गाभ्यापासून सुरू होतो आणि बाहेर येतो. चारी बाजूंनी सारखा. सफरचंद ज्या हवेत सुखाने राहते त्याच हवेत पेअर आतून काळवंडते. हापूसमध्ये साका निघतो ना, तो बाहेरून दिसत नाही, आणि साका निघाला म्हणून हमालास कोणी दंड करीत नाही, तसेच हे.

आम्ही व्यापाऱ्यास म्हटले, पंचांसमोर वीस फळे कापू. तो प्रथम तयार नव्हता. शेवटी बाजारातल्या दोन जुन्या दलालांच्या समक्ष, पेट्या तुम्ही निवडा या अटीवर, वीस फळे उभी चिरली. सतरा फळांत तपकिरी रंग गाभ्याभोवती होता आणि सालीजवळचा गर पांढरा स्वच्छ होता. तीन फळांत सालीखाली डाग होता. एका फळाच्या सालीत दुसऱ्याचा देठ घुसलेला होता. सतरांचा दोष आमचा नव्हता हे सर्वांस दिसले. तिघांचा आमचा असू शकत होता, आणि तो आम्ही नाकारला नाही. पेटी घरंगळत सोडली की आतल्या फळांची साल एकमेकांवर घासते आणि दोन दिवसांनी काळी पडते, हेही आम्ही त्याच पुस्तकात वाचले होते. टोळीतल्या दोघांना हे कबूल करणे जड गेले. पण सतराचा न्याय मागावयाचा असेल तर तिघांचा हिशेब द्यावा लागतो. त्या दिवशी भरपाईची गोष्ट संपली.

नंतर आमच्या मनात आले की आम्ही या फळाच्या प्रवासातले शेवटचे हात. आधीचे हात कोणाचे? तेव्हा बागेपर्यंत मागे जाणे भाग पडले.

पेअर हातानेच तोडतात. फळ ओढावयाचे नाही. तळहातात धरून वर उचलावयाचे, म्हणजे देठ फांदीपासून आपोआप सुटतो. देठ तुटला तर फळास बुरशी लागते. फांदीवरचे वर्षभराचे डोळे मोडले तर पुढच्या वर्षीचे फळ जाते. गळ्यात चाळीस पौंडांची झोळी, पायांखाली तीन पायांची दहा-बारा फुटी शिडी, आणि मजुरी बहुधा भरलेल्या खोक्यावर. ते खोके म्हणजे आपली पेटी नव्हे, हजार पौंडांहून अधिक फळ मावणारा लाकडी हौद. यंत्राने झाड हलवून फळे पाडली तर ती रसात घालण्याच्याच कामाची राहतात. पुढे पॅकिंगच्या कारखान्यात सफरचंदे पाण्याच्या टाकीत सोडतात आणि ती तरंगत पट्ट्यावर जातात. पेअर पाण्यात बुडते! पाण्याहून ते किंचित जड आहे. म्हणून टाकीत सोडियम सल्फेटसारखे क्षार मिसळून पाणीच जड करावे लागते, आणि मग ते क्षार फळाच्या सालीस भाजू नयेत म्हणून ते लगेच धुवावे लागते. आम्ही हे वाचले तेव्हा हसलो. हे फळ यंत्राला कोठेच सोयीने वागत नाही.

शिडी एवढी उंच का, याचे उत्तर झाडाच्या मुळाशी आहे. सफरचंदाच्या बागाईतदारांनी गेल्या शंभर वर्षांत बुटका खुंट शोधला, त्यावर कलमे केली, आणि झाडे माणसाच्या हाताच्या उंचीवर आणली. शिड्या गेल्या, मजुराचे पडणे-मोडणे कमी झाले, झाडे तिसऱ्या वर्षी फळू लागली. पेअरला असा सर्वत्र चालणारा खुंट अजून सापडलेला नाही. युरोपात क्विन्सच्या खुंटावर पेअरचे कलम करतात. क्विन्स म्हणजे आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात बिहीदाणा मिळतो तो ज्या झाडाचा, ते. बेल्जियम-हॉलंडातल्या बुटक्या बागा याच बिहीच्या खुंटावर उभ्या आहेत. पण बिहीला चुनखडीची जमीन सोसत नाही, पाने पिवळी पडतात. अमेरिकेच्या वायव्येकडील कडक हिवाळा तिला मारतो. आणि विल्यम्ससारख्या काही जातींशी तर तिचे मुळीच जमत नाही. कलम धरते, झाड दहा वर्षे उभे राहते, आणि एखाद्या वादळात सांध्यावर सुरीने कापल्यासारखे मोडून पडते. कारण मोठे विलक्षण आहे: बिहीच्या मुळांतून एक द्रव्य वर चढते, पेअरच्या सालीत ते फुटते आणि त्यातून सायनाइड सुटते. खुंट आपल्या डोक्यावरच्या फांदीस विष पाजतो. उपाय म्हणून दोहोंमध्ये दोघांशीही जमणाऱ्या तिसऱ्या जातीचा तुकडा सांधतात. दोन कलमे, दोन वेळा मजुरी, दोन वेळा धोका.

परंतु पेअरचा खरा काळ म्हणजे फायर ब्लाइट. आपण त्यास आगकरपा म्हणू. फुले एकाएकी काळी पडतात, कोवळ्या फांदीचा शेंडा मेंढपाळाच्या काठीसारखा वाकतो, पाने जळून तशीच लटकत राहतात, सालीतून मधाच्या रंगाचा चिकट द्रव ठिबकतो. उष्ण आणि ओल्या फुलोऱ्यात हा रोग काही आठवड्यांत झाड संपवितो. अमेरिकेत हडसन नदीच्या खोऱ्यात १७८० च्या सुमारास तो प्रथम दिसला. शंभर वर्षे लोक कारणे सांगत राहिले: वीज, विषारी वारा, झाडाचा माज. १८८० च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठातील थॉमस बरिल यांनी दाखविले की हे जिवाणूंचे काम आहे. वनस्पतींनाही जिवाणूंमुळे रोग होतात हे जगात प्रथम सिद्ध झाले ते या पेअरच्या झाडावर. पाश्चर आणि कॉख यांची नावे शाळेतल्या पोरास ठाऊक असतात. बरिल यांचे नाव आम्हांस त्या ग्रंथालयात बसण्यापूर्वी कधी कानावर आले नव्हते.

त्यांच्यानंतर मर्टन वेट नावाचे शास्त्रज्ञ आले. त्यांनी दोन शोध लावले, आणि ते एकमेकांसमोर ठेवून पाहण्यासारखे आहेत. १८९० च्या दशकात त्यांनी दाखविले की पेअरच्या बहुतेक जाती स्वतःच्या परागाने फळत नाहीत. शेजारी दुसऱ्या जातीचे झाड हवे आणि पराग वाहून नेणारी माशी हवी. आणि त्याच सुमारास त्यांनीच हेही दाखविले की आगकरप्याचे जिवाणू एका फुलावरून दुसऱ्या फुलावर नेणारीही तीच माशी. माशी नसेल तर फळ नाही. माशी असेल तर रोग आहे. बागाईतदाराने काय करावे?

त्याने सुरी धरावी, हेच त्या काळी उत्तर होते आणि बऱ्याच अंशी आजही आहे. काळा भाग जेथे संपतो तेथून आठ ते बारा इंच खाली, निरोगी दिसणाऱ्या लाकडात छाट घ्यावयाचा, कारण जिवाणू डोळ्यांच्या पुढे चालत असतो. प्रत्येक छाटानंतर हत्यार जंतुनाशकात बुडवावयाचे, नाहीतर कापणाराच रोग पसरवितो. हिवाळ्यात पुन्हा बाग फिरून खोडावरचे जुने व्रण शोधावयाचे. हे काम फवाऱ्याने होत नाही. बाग पाहणारा डोळा असलेल्या माणसाने करावयाचे असते. १९५० नंतर स्ट्रेप्टोमायसिन आले. हे नाव वाचून आम्ही थबकलो. आमच्या वडिलांच्या क्षयावर याच औषधाची इंजेक्शने होती. रोज सकाळी दवाखान्याच्या रांगेत त्यांचा हात धरून आम्ही उभे राहत असू. तेच औषध तिकडे फुलांवर फवारीत. १९७० नंतर त्याला न जुमानणारे जिवाणू कॅलिफोर्नियाच्या बागांत सापडू लागले, आणि सुरीचे काम पुन्हा वाढले.

या रोगावर मुळापासून उपाय शोधावा म्हणून ओरेगॉनमधील रायमर नावाचे संशोधक पहिल्या महायुद्धाच्या काळात चीन-कोरियापर्यंत रानटी पेअर धुंडाळीत गेले. आगकरप्यास दाद न देणारे पौर्वात्य खुंट मिळाले. बागाईतदारांनी त्यावर बागा उभ्या केल्या. चाळीसेक वर्षे लोटली, आणि १९५० च्या अखेरीपासून ओरेगॉन, वॉशिंग्टन, कॅलिफोर्निया येथील झाडे उन्हाळ्यात एकाएकी माना टाकू लागली. सिल्ला नावाचा एक बारीक रसशोषक किडा युरोपातून अमेरिकेत १८३२ सालीच येऊन बसलेला होता. तो एक रोग सोंडेतून पसरवीत होता, आणि त्या रोगाने कलमाच्या सांध्याखालील रसवाहिन्याच बंद पडत होत्या. सर्वांत वेगाने मेली ती पौर्वात्य खुंटावरची झाडे. एका मरणापासून वाचावे म्हणून जे पाय दिले त्याच पायांनी दुसरे मरण आले. रायमर यांना दोष देण्याचा आमचा विचार नाही. त्यांनीच निवडलेली ओल्ड होम नावाची जात पुढे दोन्ही संकटांत टिकणाऱ्या खुंटांची आई ठरली. पण झाड लावून फळ येण्यास जेथे पाच-सात वर्षे लागतात तेथे चूक कळण्यास एक पिढी जाते, एवढे यातून दिसते. आमच्या संपात चूक झाली तर तीन दिवसांत कळते!

आता फुलाकडे येऊ. माशीचे दुखणे वेट यांनी सांगितले, पण त्याच्या पुढचा भाग चीनमध्ये घडला. पेअरच्या फुलात मध असतो, पण पातळ. साखर फार कमी. शेजारी मोहरी फुललेली असेल तर मधमाशी पेअरकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यातून पेअर लवकर, थंडीत फुलते. सिचुआन प्रांतातील हानयुआन जिल्हा पेअरसाठी नावाजलेला. तेथे १९८० च्या दशकापासून माणसे झाडांवर चढून फुलांना पराग लावीत आली आहेत. परागाच्या जातीची फुले आधी तोडून आणावयाची, त्यांतले परागकोश वेगळे काढून ऊब देऊन वाळवावयाचे, ती पिवळी पूड बाटलीत भरून गळ्यात बांधावयाची, आणि बांबूच्या काठीला लावलेल्या कोंबडीच्या पिसांनी एकेका फुलास स्पर्श करावयाचा. एक माणूस दिवसाला पाच-दहा झाडे करतो. फुलोरा टिकतो मोजके दिवस.

याची छायाचित्रे जगभर फिरली, आणि खाली मजकूर असा की कीटकनाशकांनी मधमाश्या मेल्या म्हणून माणसास माशी व्हावे लागले. ही गोष्ट खोटी नाही, पण अर्धी आहे. फवारणी बेसुमार होती आणि मधपाळ आपल्या पेट्या तिकडे नेण्यास राजी नव्हते, हे खरे. पण आणखीही कारणे होती. बाजारात ज्या जातीला भाव तीच सर्वांनी लावली. परागासाठी लागणारी दुसऱ्या जातीची झाडे कोणी ठेवली नाहीत, कारण त्यांच्या फळास भाव नव्हता. वसंतात पाऊस आणि गारठा. आणि सर्वांत मोठे कारण असे की त्या काळी मजुरी स्वस्त होती. हाताने पराग लावले की प्रत्येक फूल धरते, फळ सारखे येते. माशीपेक्षा माणूस किफायतीचा पडत होता. हे आमच्या धंद्यातल्या माणसास लगेच कळते. मजुरी वाढू लागली तेव्हा त्याच भागातील पुष्कळ शेतकऱ्यांनी हाताने पराग लावणे सोडले, काहींनी पेअरच काढून दुसरी फळझाडे लावली.

आपल्याकडे हे अपरिचित आहे असे मानू नका. संकरित कापसाचे बियाणे १९७० पासून या देशात हातानेच तयार होत आले आहे: एकेका फुलाचे नरकेसर नखाने काढून टाकावयाचे आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडाचा पराग लावावयाचा. त्या शेतांत बायका आणि लहान मुली वाकलेल्या असतात, आणि तेथेही हिशेब हाच, की हात स्वस्त आहे तोवर पद्धत चालते.

जपानातही पेअरला हाताने पराग लावतात. तेथील निजिस्सेइकी, म्हणजे 'विसावे शतक', ही जात १८८८ साली एका तेरा वर्षांच्या मुलास उकिरड्याजवळ उगवलेल्या रोपात सापडली. काळ्या ठिपक्यांच्या रोगापासून वाचविण्यासाठी तिच्या एकेका फळाला कागदी पिशवी बांधावी लागते, आणि तीही बरेचदा दोनदा. बागाईतदार म्हातारे होत गेले, पराग गोळा करण्यास हात उरले नाहीत, म्हणून काही जण चीनहून वाळवलेला पराग विकत घेऊ लागले. म्हणजे सिचुआनमध्ये जो पराग माणसाच्या गळ्यात बांधला जात होता, तशा परागाचा व्यापारच सुरू झाला. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये जपान सरकारने ही आयात थांबविली. चीनमध्ये आगकरपा आढळला होता, आणि परागासोबत तो येण्याची भीती होती. वेट यांनी माशीविषयी जे सांगितले होते ते माशीला गाळून, माणसाच्या हाताने आणि जहाजाने, सव्वाशे वर्षांनी पुन्हा खरे ठरले. पुढच्या फुलोऱ्यात परागावाचून अडलेल्या बागाईतदारांना आपापल्या बागेतली फुले पुन्हा स्वतःच खुडावी लागली.

तंत्राच्या पुस्तकांत एक गोष्ट आम्हांस खटकली. सायनाइड कसे सुटते हे त्यांत आहे, सळई किती पौंड दाखविते हे आहे. पण शिडीवरच्या माणसाचा उल्लेख फक्त 'तोडणीचा खर्च' या सदरात. अमेरिकेत १९३५ साली कामगारांस संघटना करण्याचा हक्क देणारा कायदा झाला, त्यातून शेतमजूर मुद्दाम वगळले गेले. वॉशिंग्टन राज्यात, जेथे पेअरच्या मोठाल्या बागा आहेत, शेतमजुरास जादा वेळेची जादा मजुरी देण्याचा कायदा होण्यास २०२१ साल उजाडले, आणि आठवड्याच्या चाळीस तासांनंतर जादा दर हा नियम तेथे पुरा लागू झाला तो २०२४ साली. आणि ज्या दक्षिण आफ्रिकेचा माल आम्ही उतरवीत होतो, तेथे केप प्रांतात नोव्हेंबर २०१२ मध्ये द्राक्षमळ्यांतील मजुरांनी डी डोर्न्स गावी संप पुकारला. तो शेजारच्या फळबागांच्या खोऱ्यांतही पसरला. त्यांची किमान मजुरी दिवसाला ६९ रँड होती. मार्च २०१३ पासून सरकारने ती १०५ केली. आमच्या वीस फळांचा पंचनामा त्यानंतर वर्षभराने झाला. ती फळे ज्यांनी तोडली त्यांना तो वाढलेला दर मिळाला असावा, अशी आशा आम्ही त्या वेळी बोलून दाखविली होती, टोळीतल्या एकाने विचारले, "एकशे पाच रँड म्हणजे आपले किती?" हिशेब केला तेव्हा कळले की तो आकडा आमच्या त्या दिवसाच्या मजुरीहून फार वेगळा नव्हता.

श्रोत्यांपैकी कोणी उद्या पेअर घेण्यास गेलेच, तर पोटाशी दाबून पाहू नका. पोट मऊ लागले तर गाभा गेलेला असतो, आणि तुमच्या अंगठ्याचा डाग पुढच्या गिऱ्हाइकाच्या वाट्यास जातो. देठाजवळ, गळ्याशी हलकेच दाबा. तेथे किंचित बोट रुतले तर फळ तयार आहे. कडक असेल तर घरी बाहेर ठेवा, दोन-चार दिवसांत पिकेल.

त्या बाजारात आता असा रिवाज आहे की माल खराब निघाला तर भरपाईची भाषा करण्यापूर्वी दोन्ही बाजूंसमोर फळे कापावयाची. लेखी करार झालेला नाही. तो व्हावा म्हणून तीन वेळा बैठका झाल्या आणि तिन्ही वेळा मोडल्या. व्यापाऱ्यांचे म्हणणे, किती फळे कापावयाची तो आकडा आम्ही ठरवू. आमचे म्हणणे, पेट्या तुम्ही निवडा, आकडा वीस राहू द्या. चौथी बैठक पावसाळ्यापूर्वी आहे.